आईची सावली आणि मधोमध टांगलेला बल्ब

(भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आज किल्ले नाहीत, लढाया नाहीत, तह नाहीत. आजचा इतिहास आपल्या घरातल्या सगळ्यात छोट्या खोलीचा आहे, आणि त्या खोलीतल्या उजेडाचा.

तर झालं असं, की दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी कोथिंबीर चिरताना आईचं बोट कापलं. तीन टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, "काकू, लक्ष कुठे होतं?" आई म्हणाली, "लक्ष तिथेच होतं हो, दिसलं नाही." मी लगेच डोळे तपासून घेतले. नंबर तोच. मोतीबिंदू नाही. आणि उजेड म्हणाल, तर आमच्या स्वयंपाकघरात नवीकोरी वीस वॉटची एलईडी पट्टी, मी स्वतः लावून घेतलेली. खोलीत पाऊल टाकलं की डोळे दिपतात. मग दिसलं नाही म्हणजे काय?

घरी आल्यावर मी आईच्या जागी ओट्यापाशी उभा राहिलो, हातात सुरी घेतली, आणि कळलं. दिवा माझ्या पाठीमागे. माझ्या डोक्याची आणि खांद्यांची सावली बरोब्बर चॉपिंग बोर्डवर. सगळी खोली लख्ख, आणि जिथे बोट आणि पातं एकमेकांच्या शेजारी आहेत तेवढाच चौकोन काळा. आईला मी म्हटलं, "तू इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" तर म्हणते, "अरे, स्वयंपाकघर असंच असतं."

हे "असंच असतं" माझ्या डोक्यात बसलं. कारण असंच असतं म्हणजे कुणीतरी कधीतरी तसं केलेलं असतं. हा दिवा मधोमध कुणी टांगला? आणि आई त्याच्याकडे पाठ करून का उभी आहे? आजचा भाग एवढ्या दोन प्रश्नांचा.

आधी आजीच्या घरी जाऊ. माझं आजोळ कराडच्या बाजूचं. जुन्या घरांची रचना आठवा: पुढे ओसरी, मग माजघर, आणि सगळ्यात मागे स्वयंपाकघर. म्हणजे बाहेरचा उजेड दोन खोल्या ओलांडून जेवढा उरेल तेवढा. खिडकी असलीच तर छोटी आणि उंच. आत चूल, चुलीच्या शेजारी वैल, आणि भिंती धुरानं काळ्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, भिंतीचा रंग म्हणजे नुसती शोभा नाही. पांढरी भिंत उजेड परत खोलीत टाकते, काजळी धरलेली भिंत गिळून टाकते. त्या खोलीत तुम्ही कितीही दिवे लावा, अर्धे भिंतीच खाणार.

पुण्यातल्या वाड्यांतही फार वेगळं नव्हतं. सोवळ्याचा स्वयंपाक, परक्या माणसाची नजर नको, म्हणून खोली आत आणि मागे. पाहुण्याला दिसणारी जागा उजेडाची, काम करणारीची जागा अंधाराची. कुणी बसून असं ठरवलं नसेल, पण झालं तसंच.

बायकांनी यावर उपाय काढला तो कामांच्या वाटणीतून. तांदूळ निवडायचे, डाळ टिपायची, म्हणजे जिथे खडा दिसायला हवा ती सगळी कामं सूप घेऊन दारात, ओसरीवर. पहाटेचं दळण मात्र अंधारात, कारण जात्याचा खुंटा आणि मुठीतलं धान्य हाताला कळतं, डोळ्यांची गरज नाही. आणि रात्रीचं जेवण होईल तेवढं दिवेलागणीच्या आधी उरकायचं. आपण म्हणतो आजी घड्याळ न बघता काम करायची. ती घड्याळ बघत नव्हती, उजेड बघत होती.

कोकणात आणि इतरत्रही कौलारू घरांत एक फार सुंदर युक्ती आली. १८६५ साली बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती मंगलोरी कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरली. त्याच मापाचं, त्याच आकाराचं कौल काचेचं करता येतं. पाच-पन्नास मातीच्या कौलांत एक काचेचं बसवलं, की उजेडाचा खांब थेट चुलीपाशी उतरतो. लहानपणी सुट्टीत त्या खांबात फिरणारा धूर मी तासन्‌तास बघितलाय. पण गंमत बाजूला ठेवा आणि जागा बघा: ते कौल खोलीच्या मधोमध नसायचं, काम जिथे चालतं त्याच्या वर असायचं. छपरावर चढणाऱ्या माणसाला लक्स-बिक्स माहीत नव्हतं, पण दिवा खोलीसाठी नसतो, हातासाठी असतो, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आता रात्र. रात्री आधी तेलाची पणती, दिवटी. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं रॉकेल. शब्दच बघा ना, 'रॉक ऑइल' या इंग्रजी शब्दाचं झालं रॉकेल, आणि 'गॅसलाइट'चं झालं घासलेट. परदेशी डब्यातून आलेलं तेल, आपण त्याचं नावही आपल्या तोंडाला साजेसं करून घेतलं. रॉकेलची सगळ्यात स्वस्त चिमणी म्हणजे एक डबी, एक वात. तिचा उजेड साधारण दहा-वीस ल्यूमेन. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. बल्बच्या खोक्यावर छापलेलं असतं. पुढे आलेला साठ वॉटचा पिवळा बल्ब सातशेच्या आसपास ल्यूमेन देतो. म्हणजे एका बल्बमध्ये चाळीस-पन्नास चिमण्या.

पण चिमणीकडे एक गोष्ट होती जी बल्बकडे नव्हती. चिमणी उचलून नेता यायची. आजी चुलीपाशी जमिनीवर बसायची, तिच्या डाव्या हाताला कोनाडा, कोनाड्यात चिमणी. कढईत बघायचं असलं की चिमणी हातात घ्यायची, कढईवर धरायची, परत ठेवायची. उजेड क्षीण, पण योग्य जागी. अर्थात याची किंमतही होती: धूर छातीत जायचा, पदर पेटायचा, कलंडलेल्या चिमणीनं घरं जळायची. मला त्या दिव्यांचं उगाच कौतुक करायचं नाहीये.

इथे कराडजवळचीच एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चांगला कंदील म्हणजे परदेशी कंदील, अमेरिकन किंवा जर्मन. आणि कंदिलात खरी गोम असते काचेची. पातळ हवी, गरम होऊन तडकायला नको. ही काच आपल्याकडे बनावी म्हणून जी धडपड झाली ती थक्क करणारी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना मांडली, की प्रत्येक माणसानं देशी उद्योगासाठी वर्षाला एक पैसा द्यावा. फक्त एक पैसा. टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. आजच्या भाषेत क्राउडफंडिंग, फक्त ॲप नव्हतं, माणूस दारोदार फिरत होता.

त्यानंतर १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ ओगले काच कारखाना काढला. त्या जागेचं नावच पुढे ओगलेवाडी पडलं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा या उद्योगाला आधार होता. हेच राजे, ज्यांच्या संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. एका ठिकाणी लोखंडी नांगर, दुसऱ्या ठिकाणी काच. ओगल्यांनी काचेपासून सुरुवात करून पुढे अख्खा कंदील बनवला, त्याचं नाव 'प्रभाकर'. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत रात्रीचा स्वयंपाक प्रभाकर कंदिलाच्या उजेडात झालाय. आमच्या आजीकडे होता. संध्याकाळी त्याची काच राखेनं पुसून लख्ख करायची हे घरातल्या पोराचं काम, आणि काच फुटली की त्या पोराचं काही खरं नाही.

आता मुंबई. इथे उजेड आधी रस्त्यावर आला, मग बाजारात, मग गिरणीत, आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघरात. १८६५ मध्ये मुंबईच्या काही रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे आले. ते काम घेतलेली कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली, तो भाग वेगळा. १९०५ मध्ये आज आपण जिला बेस्ट म्हणतो तिची मूळ कंपनी स्थापन झाली, १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावली. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, आणि ती वीज मुख्यतः गिरण्यांना गेली. गिरणीत रात्रपाळीला दिवे होते. पण त्याच गिरणीतला कामगार घरी खोलीवर परत आला, की बायको रॉकेलच्या उजेडात भाकरी थापत असायची. सूत नीट दिसायला हवं होतं, भाकरीचं बघू.

घरात वीज आली तेव्हा ती मोजून मापून आली. लाकडी पट्टीतून वायर, भिंतीवर गोल काळं बटण, आणि छतावरून लोंबणारा एक बल्ब. एक, कारण प्रत्येक पॉइंटला पैसे. आता तुमच्याकडे एकच बल्ब असेल तर तुम्ही तो कुठे लावाल? मधोमधच ना? सगळ्या कोपऱ्यांना सारखा न्याय. काही घरांत तर त्याहून काटकसर: दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक पाडून त्यात बल्ब, म्हणजे इकडेही उजेड, तिकडेही उजेड. गावाकडच्या कुणीतरी हे बघितलं असेलच, कमेंटमध्ये सांगा.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दिवा मधोमध टांगला तो गरिबीनं आणि काटकसरीनं, आणि त्या काळात तो बरोबरच होता. कारण तेव्हा स्वयंपाक करणारी बाई जमिनीवर बसत होती. बसलेल्या माणसाच्या बरंच वर, खोलीच्या मध्यावर दिवा असेल तर ती भिंतीकडे तोंड करो नाहीतर दाराकडे, पुढ्यातल्या विळीवर उजेड पडतो. थोडी सरकून बसली की सावलीही सरकते.

मग ती उभी राहिली. माझ्या मते आपल्या घरांच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला गेलेला बदल आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत स्वयंपाकाचा गॅस सिलेंडरमधून विकायला सुरुवात झाली, पुढच्या दशकांत तो हळूहळू पसरला. गॅसची शेगडी जमिनीवर ठेवत नाहीत, तिला ओटा लागतो. ओटा बांधायचा तर भिंतीला लागून, कडप्प्याचा, काळाशार. आणि भिंतीला लागून ओटा म्हणजे काम करणाऱ्या माणसाचं तोंड भिंतीकडे, पाठ खोलीकडे. बल्ब होता तिथेच राहिला. म्हणजे बाई फिरली, दिवा फिरला नाही. त्यात कडप्पा काळा, पडलेला उजेडही परत देत नाही. आईच्या बोटाचे तीन टाके इथून सुरू होतात.

हे टाळता आलं नसतं का? आता जरा जर्मनीला जाऊन येऊ. १९२६ साल, फ्रँकफर्ट शहर. पहिल्या महायुद्धानंतर घरांची भयंकर टंचाई, आणि नगरपालिका कामगारांसाठी हजारो घरं बांधतेय. त्या कामाचे प्रमुख अर्न्स्ट माय. त्यांच्या टीममध्ये एक तरुण ऑस्ट्रियन आर्किटेक्ट, मार्गारेटे श्युट-लिहोत्स्की. तिच्याकडे काम आलं स्वयंपाकघराचं. जागा किती? साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे आपल्या वन बीएचकेच्या किचनएवढीच. तिनं पावलं मोजली, हालचाली मोजल्या, आगगाडीतल्या छोट्या स्वयंपाकघरांचा अभ्यास केला. त्यातून जे तयार झालं त्याला 'फ्रँकफर्ट किचन' म्हणतात, आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आजचं मॉड्युलर किचन तिचं नातवंड आहे.

तिनं कामाचं टेबल ठेवलं थेट खिडकीखाली, म्हणजे दिवसा उजेड समोरून येणार. आणि रात्रीसाठी? छताला एक पट्टी, आणि त्या पट्टीवर सरकणारा दिवा. चिरायचं असेल तेव्हा दिवा टेबलाकडे ओढा, शिजवायचं असेल तेव्हा शेगडीकडे. आजीची चिमणी, फक्त छताला लावलेली! एकच दिवा, एकच पॉइंट, तरीही हाताजवळ उजेड. म्हणजे प्रश्न पैशाचा एवढा नव्हताच. प्रश्न होता, की उभं राहून काम करणाऱ्या बाईच्या जागी उभं राहून कुणी विचार केला का.

यात एक मजा आहे. श्युट-लिहोत्स्की स्वतःच सांगायची, की हे किचन बनवेपर्यंत तिनं कधी स्वयंपाक केला नव्हता. पुढे ती हिटलरविरोधी गटात गेली, १९४१ मध्ये पकडली गेली, महायुद्ध संपेपर्यंत तुरुंगात होती. २००० साली वारली तेव्हा १०३ वर्षांची व्हायला पाच दिवस कमी होते. आणि आयुष्यभर लोक तिला विचारत राहिले ते फक्त किचनबद्दल, याचा तिला मनस्वी कंटाळा होता. तिच्यावर एक अख्खा भाग करायचाय, नक्की करू.

परत महाराष्ट्रात. राज्य झालं १९६० मध्ये, त्याच वर्षी वीज मंडळ आलं. १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली. गावोगाव खांब उभे राहिले. घरात आधी बल्ब आला आणि मग ट्यूबलाइट. ट्यूब चांगली होती बरं का: लांब असल्यामुळे तिची सावली धारदार पडत नाही, कडा मऊ होतात. पण आमच्याकडे ट्यूब लागली हॉलमध्ये. स्वयंपाकघरात चाळीसचा पिवळा बल्ब, तेलकट थर बसलेला. तुमच्याकडे उलटं होतं का? मी मित्रांना विचारलं, बहुतेकांच्या घरी हेच. पाहुणे आणि टीव्ही उजेडात, आई बल्बखाली. घर बदललं, मजला बदलला, वाड्यातली ती जुनी वाटणी तशीच राहिली.

मग एलईडी. निळा एलईडी जमत नव्हता म्हणून पांढरा उजेड मिळत नव्हता. तो जमवल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं. पुढच्याच जानेवारीत आपल्याकडे उजाला योजना आली. सरकारी खरेदीत जो बल्ब २०१४ मध्ये ३१० रुपयांच्या आसपास होता, तो दोन-तीन वर्षांत ४०च्या खाली आला. ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. इतका स्वस्त उजेड आपल्या कुठल्याच पिढीनं बघितला नव्हता. आणि आपण काय केलं? जुना बल्ब काढला आणि त्याच होल्डरमध्ये, त्याच जागी, मधोमध नवा लावला. मीसुद्धा.

आता माझ्या घरी काय केलं ते सांगतो, कारण मेसेज येणारच. आधी एक गणित. छोट्या दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं तर उजेड चौपट होतो. आमचं छत साडेनऊ फूट, ओटा जवळपास तीन फूट, म्हणजे छतावरचा दिवा ओट्यापासून साडेसहा फुटांवर. ओट्यावरच्या कपाटाच्या खाली दिवा लावला तर अंतर दोन फूट. करा हिशोब: तोच दिवा दहापट उजेड देईल. लांब पट्टीला हे गणित जसंच्या तसं लागत नाही, फरक थोडा कमी पडतो, पण तरीही प्रचंड आहे. म्हणून वीस वॉट वाढवून चाळीस करण्यापेक्षा पाच-सात वॉटची पट्टी कपाटाखाली लावणं शहाणपणाचं. आपल्याकडच्या मानकांत स्वयंपाकघरासाठी २०० लक्स आणि सिंकपाशी ३०० सांगितलेत. फोनमध्ये लक्स मोजायचं फुकट ॲप मिळतं. अचूक नसतं, पण तुलना करायला पुरतं. आमच्या बोर्डवर, मी उभा असताना, आकडा साठसुद्धा नव्हता. खोलीच्या मध्यावर मात्र अडीचशे. खोली पास, बोर्ड नापास.

इलेक्ट्रिशियन दादा पट्टी कपाटाच्या मागच्या बाजूला, भिंतीला चिकटवून लावत होता, "काकू, वायर दिसणार नाही." आईनं त्याला थांबवलं. "बाळा, मला भिंत नाही चिरायची." मागे लावली की टाइल्स उजळतात, पुढच्या कडेजवळ लावली की हात. फक्त पुढे कपाटाची छोटी झालर हवी, नाहीतर पट्टी डोळ्यांत येते. वर दुधी कव्हर हवं, नाहीतर चकचकीत ओट्यात एकेक ठिपका दिसतो. शेगडीच्या बरोब्बर वर प्लास्टिकची पट्टी अजिबात नको, तिथे चिमणीचा दिवा वापरा. (हो, आता जी धूर ओढते ती चिमणी. हा शब्द आपल्याला सोडतच नाही.) आणि नवीन काम काढणार असाल तर टाइल्स लावायच्या आधी पॉइंट काढून घ्या, नंतर तोडफोड होते. भाड्याचं घर असेल तर चिकटवायची, प्लगवर चालणारी पट्टी मिळते, जाताना काढून न्या.

रंगाचं एकच सांगतो. खोक्यावर सीआरआय असं लिहिलेलं असतं, शंभरपैकी मार्क. ते बघा, नव्वदच्या पुढचं मिळालं तर घ्या. कमी मार्कांच्या निळसर पांढऱ्या दिव्यात लाल रंग मरतो. पाककृतीत लिहिलेलं असतं 'कांदा गुलाबीसर होईपर्यंत', आणि त्या उजेडात कांदा गुलाबी होतच नाही, राखाडी होतो आणि मग एकदम करपतो. आम्ही चार हजार केल्विनची घेतली. आई म्हणाली, हळद हळदीसारखी दिसतेय.

सगळा खर्च मजुरीसकट बाराशे रुपये. आधीचा मधला दिवा ठेवलाय, तो खोलीत वावरायला लागतोच.

आजीचा प्रभाकर कंदील मामानं अजून ठेवलाय, माळ्यावर. ओगलेवाडीचा कारखाना केव्हाच बंद पडला. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा कंदील खाली काढला, काच पुसली, वात लावली आणि मामीच्या ओट्यावर ठेवला, नुसतं बघायला. मामी पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं, काही न बोलता कंदील उचलला आणि पोळपाटाच्या डाव्या बाजूला, जरा पुढे सरकवून ठेवला. मग परत लाटायला लागली.

भेटू पुढच्या भागात.